सोलापुरात शोकांतिकेचा प्रयोग लावताना: नव्या आयोजकांसाठी

विनोदी नाटक लावणं आणि शोकांतिका लावणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे नव्या मंडळांना कुणीतरी आधीच सांगायला हवं. विनोदी नाटकात प्रेक्षक उशिरा आले, मागे एखादं पोर रडलं, कुणाचा फोन वाजला, तरी पुढच्या हशात सगळं वाहून जातं. 'नटसम्राट', 'एकच प्याला' किंवा मराठी 'हॅम्लेट' यांना ती सोय नाही. ही नाटकं आधी सावकाश माणसं उभी करतात आणि शेवटच्या अर्ध्या तासात ती आपल्यादेखत कोसळतात. त्या अर्ध्या तासात सभागृह शांत राहिलं नाही, तर दौऱ्यावरची मंडळी कितीही मोठी असोत, प्रयोग हातचा गेला म्हणून समजा. म्हणून माझं सांगणं एकच आहे. तारखेपासून चहाच्या कपापर्यंत जे काही ठरवाल, ते त्या शेवटच्या अर्ध्या तासाकडे बघून ठरवा.

आधी नाटक पाहून या

यूट्यूबवरचा तुकडा पाहून किंवा कुणाच्या शिफारशीवर तारीख घेऊ नका. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिरात किंवा कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात प्रयोग लागला की मंडळातल्या दोघातिघांनी जाऊन यावं. जाताना वही न्या. पडदा किती वाजता उघडला, मध्यंतर कधी झालं, शेवट कधी झाला हे घड्याळ बघून लिहा. रंगमंचावर अंधार आणि नुसता आवाज कुठे आहे, लांब थांबे कुठे आहेत, नट हळू आवाजात कुठे बोलतात, याच्याही खुणा करून ठेवा. सोलापुरात सांभाळायच्या जागा याच. नेपथ्य किती जड आहे, कलाकार किती आहेत, बॅकस्टेजची माणसं किती, हेही डोळ्यांखालून घाला, कारण जेवणाच्या ताटांपासून लॉजच्या खोल्यांपर्यंत सगळं त्यावर ठरतं.

तारीख

सोलापूरचं वर्ष ओळखून तारीख घ्यावी लागते. जानेवारीचा मधला आठवडा सोडून द्या. संक्रांतीच्या आगेमागे सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते, नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी रस्ते वळवलेले असतात आणि होम मैदान ते पार्क चौक हा सगळा भाग माणसांनी फुललेला असतो. ते वातावरण सुंदर असतं, पण 'एकच प्याला'तल्या सिंधूचा शेवटचा प्रवेश त्या ढोलताशांत ऐकू येणार नाही. १९ फेब्रुवारीची शिवजयंती, १४ एप्रिलची आंबेडकर जयंती, बसव जयंती, गणपतीचे आणि नवरात्राचे दिवस यांनाही हेच लागू आहे. आपल्याकडे मिरवणुका जयंतीच्या एका दिवसावर भागत नाहीत, त्यामुळे आधीचा आणि नंतरचा आठवडाही चौकशी करूनच घ्या. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव असतो. त्या दिवशी पूर्व भागातला, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीतला, प्रेक्षक नाटकाला येणार नाही, आणि त्यानं यावं अशी अपेक्षाही धरू नये.

लग्नसराईत वराती असतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि दुपारच्या प्रयोगाला म्हातारी माणसं घराबाहेर पडत नाहीत. शोकांतिकेचा अर्धा प्रेक्षक साठीच्या पुढचा असतो, हे विसरू नका. हौशी राज्य नाट्य स्पर्धेचं सोलापूर केंद्र चालू असतं तेव्हा नाट्यगृह मोकळं मिळत नाही, पण त्या दिवसांत स्वतः जाऊन बसा. गावातले खरे नाटकवाले तिथे एका जागी भेटतात.

माझी पसंती पावसाळा संपता संपताच्या किंवा डिसेंबरच्या शनिवारला असते. महिन्याचा पहिला पंधरवडा धरा, कारण पगार झालेले असतात. प्रयोग रात्री साडेनवाला ठेवण्याची जुनी सवय मोडा. पावणेतीन तासांचं नाटक साडेनवाला सुरू झालं तर शेवटचा प्रवेश मध्यरात्री येतो. अक्कलकोट, मोहोळ, बार्शीहून आलेली माणसं त्याआधीच एसटीच्या काळजीनं खुर्चीत चुळबुळ करू लागतात आणि शेवट बघण्याऐवजी घड्याळ बघतात. शनिवारी संध्याकाळी साडेपाच किंवा सहा ही वेळ उत्तम.

नाट्यगृह नुसतं आरक्षित करू नका, तपासा

मोठ्या नाटकासाठी पार्क चौकाजवळचं महापालिकेचं हुतात्मा स्मृती मंदिर ही पहिली निवड. लहान, दोनतीन पात्रांच्या प्रयोगाला डॉ. निर्मलकुमार फडकुले सभागृहाचा विचार करता येतो. बाहेरून येणाऱ्या कलाकारांना हुतात्मा हे नाव कुणाचं ते आवर्जून सांगा. १९३० च्या मार्शल लॉनंतर मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. कोणत्या गावात, कुणाच्या नावाच्या वास्तूत आपण उभे आहोत हे माहीत असलेला नट वेगळ्या मनानं रंगमंचावर पाऊल टाकतो, असा माझा अनुभव आहे.

तपासणीला जाताना मोजपट्टी आणि एक मित्र बरोबर घ्या. रंगमंचाची दर्शनी रुंदी, खोली, दोन्ही विंगांतली मोकळी जागा आणि सामान आत नेण्याच्या दाराची रुंदी-उंची मोजा. ही मापं नाटकाच्या व्यवस्थापकाला प्रयोगाच्या महिनाभर आधी पाठवा. फ्लॅट, म्हणजे नेपथ्याची उभी भिंत, दारातून आत येत नाही हे प्रयोगाच्या सकाळी कळलं, तर नेपथ्याची दोन दारं बाहेरच राहतात आणि नटांना जाण्यायेण्याच्या वाटा नव्यानं बसवाव्या लागतात. ट्रक दारापर्यंत मागे घेता येतो का, की हमालांना लांबून वाहून आणावं लागेल, तेही बघा.

मग वीज. थ्री फेज पुरवठा कुठून घ्यायचा, दिव्यांचे बार खाली येतात की शिडी लावावी लागते, जनरेटर कोण चालू करतं आणि वीज गेल्यावर तो किती वेळात उजेड देतो, हे तिथल्या वायरमनशी उभ्या उभ्या बोलून घ्या. त्याचं नाव आणि नंबर वहीत लिहा. प्रयोगाच्या दिवशी तुमच्या अध्यक्षांपेक्षा या माणसाची गरज जास्त पडणार आहे.

आता खरी तपासणी. सगळे पंखे, वातानुकूलन, एक्झॉस्ट, जे काही आहे ते चालू करायला सांगा. तुम्ही शेवटच्या रांगेत, अगदी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसा. मित्राला रंगमंचाच्या मागच्या भागात उभं करून पाठमोरं, हळू आवाजात चार वाक्यं बोलायला सांगा, आपण घरात कुणी झोपलेलं असताना बोलतो तशी. किती ऐकू येतं? कोणता पंखा खरखरतो? तुम्ही उठलात तेव्हा खुर्ची वाजली का? दार उघडलं तेव्हा बिजागरी कुरकुरली का, आणि बाहेरच्या ट्यूबलाइटचा पट्टा रंगमंचापर्यंत पोचला का? कुरकुरणाऱ्या बिजागरीला तेलाचे दोन थेंब पुरतात. दारावर आतून काळं कापड लावायला शे-दोनशे रुपये लागतात. हा खर्च कुठल्याही फ्लेक्सपेक्षा जास्त कामाचा आहे, आणि तो करणारी मंडळं मी फार कमी पाहिली आहेत.

पाणी मात्र विसरू नका. आपल्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, हे मुंबई-पुण्याच्या व्यवस्थापकाच्या डोक्यात नसतं. रंगपटाच्या, म्हणजे नट तयार होतात त्या खोल्यांच्या, स्वच्छतागृहाची टाकी आदल्या दिवशी भरून घ्या, नाहीतर टँकर सांगून ठेवा.

बोलणी आणि कागद

दौरे एका गावापुरते निघत नाहीत. पुण्याहून निघालेली बस सोलापूर करून लातूरकडे किंवा पंढरपूरमार्गे सांगलीकडे जाते. त्यामुळे व्यवस्थापकाला पहिला प्रश्न हा विचारा, की आदल्या दिवशी प्रयोग कुठे आहे आणि दुसऱ्या दिवशी कुठे. आदला प्रयोग रात्री उशिरा लांबच्या गावी संपणार असेल, तर तुमच्याकडे दमलेला नट येईल. 'नटसम्राट'मधला गणपतराव बेलवलकर किंवा 'एकच प्याला'तला सुधाकर दमल्या शरीरानं उभा राहत नाही. शक्य असेल तर मंडळी आदल्या रात्री सोलापुरात मुक्कामाला येतील अशी तारीख मागा, एका रात्रीचा लॉजचा खर्च सोसा.

पैशाची बोलणी दोन तऱ्हांनी होतात. एक ठोक रक्कम, दुसरी टक्केवारी. नव्या मंडळानं ठोक रकमेवर जावं, आकडा स्पष्ट राहतो. करारात प्रवास, मुक्काम, जेवण, हमाली, दिवे आणि ध्वनी यांपैकी काय कुणाकडे, हे एकेक ओळीत लिहून घ्या. मुख्य नट आजारी पडला तर काय, प्रयोग रद्द झाला तर आगाऊ रकमेचं काय, हेही लिहा. तोंडी शब्दावर माझा विश्वास आहे, पण दौऱ्यात व्यवस्थापक बदलतात.

हक्कांची परवानगी काढणं नाट्यसंस्थेचं काम असलं, तरी तिची प्रत मागून ठेवा. गडकरी १९१९ मध्ये गेले, त्यामुळे 'एकच प्याला'ची संहिता कधीच मुक्त झाली आहे. शिरवाडकर १९९९ मध्ये गेले आणि आपला कायदा लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राखतो, म्हणून 'नटसम्राट'ला परवानगी लागते. शेक्सपियर मुक्त आहे, पण त्याचा मराठी अनुवाद मुक्त असेलच असं नाही. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, त्याची प्रत पोलीस परवानगीच्या अर्जाला जोडा. ही कागदपत्रं पंधरा दिवस आधी हातात असू द्या.

तिकिटं

सध्याच्या नियमात नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही. सोलापुरात त्याच्या वर जाण्याचं कारणही नाही.

हिशेब असा मांडा. समजा विकता येतील अशा ८०० खुर्च्या आहेत आणि सरासरी तिकीट ३०० रुपये. सगळं भरलं तर २,४०,००० रुपये होतात. पण शोकांतिकेला सगळं भरेल असं धरून चालू नका. ६० टक्के, म्हणजे १,४४,००० रुपयांत तुमचा सगळा खर्च बसतो का ते बघा. बसत नसेल तर वरची रक्कम प्रायोजकाकडून आधी उभी करा, मगच आगाऊ रक्कम पाठवा. फुकट पास मोजके ठेवा आणि कुणाला दिले ते लिहून ठेवा. फुकट आलेला पाहुणाच बहुधा मध्यंतरात उठून जातो आणि पुढच्या रांगेत भोकं पडतात. नटाला पहिल्या तीन रांगा दिसतात.

विद्यार्थ्यांना स्वस्त तिकीट देऊन शेवटच्या रांगांत बसवायची पद्धत मला पटत नाही. मधल्या भागातल्या एकदोन रांगा त्यांच्यासाठी कमी दरात राखा. आयुष्यातली पहिली शोकांतिका नटाचे डोळे दिसतील इतक्या जवळून पाहिलेला मुलगा पुढची चाळीस वर्षं तिकीट काढतो.

प्लॅन, म्हणजे खुर्च्यांचा नकाशा ठेवून तिकीटविक्री, उघडण्याची तारीख जाहीर करा आणि ती पाळा. ऑनलाइन विक्री ठेवाच, पण नाट्यगृहाच्या खिडकीवर कागदी प्लॅनही ठेवा. आपल्याकडचा ज्येष्ठ प्रेक्षक खुर्चीवर बोट ठेवून तिकीट घेतो.

प्रेक्षक तयार करणं

सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात. जाहिरात नवी पेठ, सात रस्ता, जुळे सोलापूर, विजापूर रोड एवढ्यावर थांबवली तर अर्धं गाव सुटतं. अशोक चौक, कन्ना चौक, पूर्व भागातल्या वाचनालयांत आणि समाजमंदिरांत स्वतः जाऊन बोला. दारूनं मोडलेलं घर, पोरांनी बाहेर काढलेला बाप, हे विषय तिथे कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. गिरणगावानं ते बघितले आहेत. तेलुगू घरातल्या आजीला गडकऱ्यांची भाषा अवघड जाईल, पण सिंधूची अवस्था जाणार नाही. पूर्व भागातली कुटुंबं 'एकच प्याला' बघून तासभर पायऱ्यांवर बोलत बसलेली मी पाहिली आहेत.

महाविद्यालयांत एक तासाची ओळख ठेवा. संगमेश्वर, दयानंद, वालचंद इथले मराठीचे शिक्षक मदत करतात. हिराचंद नेमचंद वाचनालयात एखादा प्रवेश वाचनाचा कार्यक्रमही जमतो. त्यात कथा सांगून टाकली तरी बिघडत नाही. शोकांतिकेत शेवट माहीत असणं आड येत नाही. आपल्या आज्या-पणज्या सिंधू मरणार हे माहीत असूनच पुन्हा पुन्हा गेल्या. मराठीत ही परंपरा किती जुनी आहे तेही सांगा. महादेवशास्त्री कोल्हटकरांचा 'ऑथेल्लो'चा अनुवाद १८६७ चा. देवलांनी १८९० मध्ये त्याच नाटकाचा 'झुंझारराव' केला. शाहूनगरवासी नाटक मंडळीत गणपतराव जोशी हॅम्लेट गाजवत होते, तेव्हा वीज नव्हती, ध्वनिक्षेपक नव्हता. 'नटसम्राट' १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी उभं केलं, त्याच्या मागे 'किंग लिअर'ची सावली आहे. एवढं सांगितलं की मुलं प्रश्न विचारू लागतात.

प्रयोगाचा दिवस

ट्रक सकाळी आठच्या आत दाराशी हवा. हमाल चार नव्हे, सहा सांगा. सुतार नेपथ्य उभं करत असताना तुमचं काम चहा पाठवणं आणि बाजूला राहणं एवढंच. हौशी कार्यकर्त्यांची गर्दी रंगमंचावर नको. दुपारी दिवे लावणारा माणूस एकेका खुर्चीवर, एकेका उंबऱ्यावर प्रकाश बसवत असतो. शिडीवर चढून दिवा फिरवायचा, खाली उतरून बघायचं, पुन्हा चढायचं. खाली एक मुलगा नटाच्या जागी उभा असतो आणि त्याच्या कपाळावर प्रकाश नीट पडेपर्यंत हे चालतं. या दोन तासांत सभागृह त्याला पूर्ण अंधारं करून द्या आणि तिथे फुलांच्या तोरणाचं काम काढू नका.

जेवणाचं एक सांगतो. पाहुणे आले की आपल्याला शेंगा चटणी, कडक भाकरी, झणझणीत रस्सा असं सगळं घालावंसं वाटतं. ते प्रयोगानंतर. प्रयोगाआधी दुपारी साधं वरण-भात, पोळी, कमी तिखट भाजी आणि रंगपटात दिवसभर गरम पाण्याचा थर्मास. घसा बसलेला नट शेवटचं स्वगत कसं म्हणेल?

संध्याकाळी दारावर चार शांत स्वभावाची माणसं उभी करा. तिसरी घंटा वेळेवर द्या, पाहुणे पोचले नसले तरी. उशिरा आलेल्यांना पहिला प्रवेश संपेपर्यंत बाहेर थांबवा आणि नंतर अंधारात मागच्या रांगांत बसवा. हे नियम तिकिटावर छापलेले असले की वाद होत नाहीत. लहान मूल घेऊन आलेल्यांना कडेच्या, दाराजवळच्या खुर्च्या द्या. त्यांनाही संकोच होत नाही.

आणि आता ज्यावरून माझे अनेक मंडळांशी वाद झाले आहेत ती गोष्ट. मध्यंतरात सत्कार ठेवू नका. नारळ, शाल, पुष्पगुच्छ, प्रायोजकांची भाषणं, संस्थेचा अहवाल, यांतलं काहीही नाही. पहिल्या अंकानं प्रेक्षकाच्या मनात जी घालमेल निर्माण केलेली असते, ती पंधरा मिनिटं तशीच राहिली पाहिजे. तिच्यावर माइक लावून 'आजचे आपले सन्माननीय' सुरू झालं की नटाला दुसरा अंक शून्यापासून उचलावा लागतो. शिवाय मध्यंतर पस्तीस मिनिटांवर जातं आणि शेवट उशिरा होतो. ज्यांचा मान ठेवायचा त्यांचा प्रयोग सुरू होण्याआधी, पाच मिनिटांत, पडद्यापुढे ठेवा. प्रायोजकाला हे आधी समजावून सांगितलं तर तो ऐकतो. त्याला पहिल्या रांगेची खुर्ची, पत्रिकेवर नाव आणि नंतर कलाकारांबरोबर जेवण द्या. प्रयोग संपल्यावर लगेच रंगमंचावर चढून बोलणंही टाळा. कलाकारांनी अभिवादन केलं, पडदा पडला, की लोकांना तसंच घरी जाऊ द्या.

कँटीनवाल्याला मध्यंतरानंतर भांडी आवरायची नाहीत अशी ताकीद हवी. सभागृहाच्या भिंतीला लागून तो स्टीलचे कप एकात एक रचतो आणि तो खणखणाट अंधारात सर्वांत पुढच्या रांगेपर्यंत येतो. कागदी कप आणायला सांगा. पार्किंगमधल्या रखवालदारालाही सांगा, शेवटच्या अर्ध्या तासात शिट्टी नाही.

शेवटच्या प्रवेशात तुम्ही स्वतः दाराशी आतून उभे राहा. कुणी उठून निघालं तर दार हातानं धरून सावकाश लावायचं. या वेळी हिशेब, बस, जेवणाचे डबे यांपैकी काहीही करू नका.

नंतर

नेपथ्य उतरवून ट्रक भरायला दीडदोन तास लागतात, तेवढा वेळ नाट्यगृहाच्या भाड्यात धरलेला असू द्या. बॅकस्टेजच्या माणसांचं जेवण कलाकारांच्या आधी किंवा बरोबर, मागाहून नाही. ज्येष्ठ प्रेक्षकांसाठी दारात पाचसहा रिक्षा सांगून ठेवा, पार्क चौकातून रात्री त्या सहज मिळतातच असं नाही.

उरलेली रक्कम मंडळींची बस निघण्याआधी पावतीसह चुकती करा. दुसऱ्या दिवशी सकाळी नाट्यगृहात जाऊन खुर्च्या, पडदे, रंगपट यांची पाहणी कर्मचाऱ्यांसोबत करा आणि अनामत परत मागण्याचा अर्ज त्याच वेळी द्या. वायरमन, हमाल, दारावरची पोरं यांना आठवड्याच्या आत पैसे पोचले पाहिजेत. विद्यार्थ्यांच्या तिकिटांची यादी जपून ठेवा आणि पुढचं नाटक ठरलं की पहिला निरोप त्यांना पाठवा.